आरशातली सोंगटी

शांताराम, चारचौघांत मी तुला कायम 'भावजी' म्हटलं आणि 'तुम्ही' केलं. कॅरमवर बसलो की मात्र 'मार की रे मेल्या' सुरू व्हायचं. तू विज्ञानाचा मास्तर, हायस्कुलातली पोरं तुला लांबून बघून सायकलवरून उतरायची, आणि घरात थोरली वहिनी तुला मेल्या म्हणायची. सासूबाईंना ते ऐकून घाम फुटायचा. तूच त्यांची समजूत काढलीस, की बोर्डावर नाती चालत नाहीत, तिथे फक्त काळे आणि पांढरे. म्हणून आज लिहितानाही बोर्डावरचीच भाषा वापरते. 'तुम्ही' म्हणायला गेले तर शोकसभेत बोलल्यासारखं होईल, आणि तुझी शोकसभा होऊन गेली. हेडमास्तर पुष्कळ बोलले. तू किती गंभीर आणि शिस्तीचा होतास हे ते सांगत होते तेव्हा मला आणि तुझ्या सुमनला एकमेकींकडे बघायची सोय नव्हती. बघितलं असतं तर हसलो असतो आणि लोकांनी आम्हाला नावं ठेवली असती.

तुझा जन्म, तुझ्या परीक्षा, तुझी नोकरी, हे सगळं त्यांचं सांगून झालं. मला लिहायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ते अर्धवट टाकून तू गेलास आणि हे मला मुळीच आवडलेलं नाही.

भांडण तसं साधं होतं. तू म्हणायचास, कॅरम म्हणजे पदार्थविज्ञान. कोन, वेग, घर्षण कळलं की खेळ सुधारलाच पाहिजे. मी म्हणायचे, सोंगटीला तुझं पुस्तक वाचता येत नाही. रोज बसावं, रोज मारावं, हाताला आपोआप कळतं. मग तू चष्मा काढून पुसायचास आणि ठरलेलं वाक्य टाकायचास, "वयनी, तुझ्या हाताक कळता गो, पण तुका खंय कळता?" त्यावर मी पुढची सोंगटी घालवायचे आणि तुझ्याकडे बघत राहायचे. तेवढं उत्तर मला पुरत असे.

हा बोर्ड तुझ्या दादांनी मुंबईहून आणला. बोटीवरून उतरले तेव्हा ट्रंक हमालाच्या डोक्यावर होती आणि गोधडीत गुंडाळलेला बोर्ड स्वतःच्या काखेत. मी लग्न होऊन तारकर्लीला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. माहेरी भावांबरोबर मी कॅरम खेळत मोठी झाले, हे एकदा बोलता बोलता त्यांना सांगितलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं. मग ते जहाजावर गेले ते गेलेच. वर्षातले थोडेसे दिवस नवरा घरी आणि बाकी सगळं वर्ष माड, विहीर, चूल आणि सासूबाईंचा संधिवात. मी कुरकूर करत नाही, सगळ्याच जणी तेच करत होत्या. पण दुपारी जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, की पडवीत बोर्ड मांडून मी एक तास बसायचे. त्या तासात मी कुणाची सून नव्हते की कुणाची बायको नव्हते. मी फक्त चांगली खेळणारी बाई होते. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तुला मात्र ते न सांगता समजलं होतं.

तू कॉलेज संपवून परत आलास, मालवणच्या शाळेत लागलास, आणि मला खेळायला जोडीदार मिळाला. जोडीदार म्हणजे काय, बाबा! तुझ्यासारखा वाईट खेळणारा माणूस मी आजवर बघितला नाही. तू आधी एक डोळा मिटायचास, मग बोर्डाच्या पातळीला हनुवटी टेकून बघायचास, हवेत बोटाने रेघा मारायचास. तोवर माझी आमटी उतू जायची. मग इतका विचार करून मारलेला स्ट्रायकर सोंगटीला न शिवता थेट भोकात जायचा. पण चुकला तरी तू खट्टू व्हायचा नाहीस. लगेच का चुकलं ते सांगायला लागायचास, आणि ते कारण इतकं बरोबर असायचं की तुझं चुकणंसुद्धा मुद्दाम केल्यासारखं वाटायचं. टिचकीचा आवाज झाला की सासूबाई आतून विचारायच्या, "गेली काय रे?" आणि तुझं उत्तर ठरलेलं.

"नाय गो आये, पण कारण गावला."

"कारण काय आमटीत घालू?" असं म्हणून त्या भांडी आपटायच्या.

आता तेलाचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तू असतास तर हात जोडून नको म्हणाला असतास. आपल्याकडे पावसाळ्यात सगळंच ओलं, मीठ भांड्यात पाणी सोडतं, काडेपेटीची काडी ओढली तर तुटते. बोर्डावर टाकायची पावडरही ओली होऊन तिच्या गुठळ्या व्हायच्या आणि स्ट्रायकर फरफटत जायचा. त्या दिवशी शाळेत तू घर्षणाचा धडा घेतला होतास. चाकाच्या आसाला वंगण घातलं की चाक सहज फिरतं, हे पोरांना शिकवून तू त्याच डोक्याने घरी आलास. मी विहिरीवर होते. घरात वंगण कुठलं असणार? खोबरेल तेल! घाण्यावरून ताजी बाटली भरून आणली होती. तू कापसाचा बोळा घेतलास आणि माझ्या नवऱ्याने मुंबईहून काखेतून आणलेल्या बोर्डाला, बाळाला चोळावं तसं, तेल चोळलंस.

स्ट्रायकर वीतभर गेला आणि चिकटून बसला. मी घागर घेऊन आत आले तर तू बोर्डावर वाकून अगदी आनंदाने बघत होतास. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ थर आला तर तो धरून ठेवतो, चाकाची गोष्ट वेगळी, हे तुला त्या क्षणी उमगलं होतं. मला म्हणालास, हे पुस्तकात एवढं नीट दिलेलं नाही. मी घागर खाली ठेवली आणि काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तांदळाचं पीठ चोळून, शिकेकाई लावून, उन्हाची तिरीप सापडेल तिथे बोर्ड टेकवून आम्ही सासू-सुनांनी बरंचसं तेल काढलं. तरी मधल्या गोलाच्या उजव्या अंगाला तळहाताएवढा काळपट डाग राहिला तो राहिलाच. तो डाग आला की स्ट्रायकर दमल्यासारखा व्हायचा. दादा पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा त्यांनी डागावरून हात फिरवला आणि आपल्या दोघांनाही काही विचारलं नाही. त्यांच्या लक्षात आलं असावं की हे मास्तरचं काम आहे.

मग सुमन तुझी बायको होऊन आली, मिठबावची. गोरी, अबोल, माहेरून आणलेली फणेरपेटी, म्हणजे फणी-कुंकवाची आरसा असलेली पेटी, जपणारी. कॅरमची टकटक तिला आवडत नसे. आपण खेळायला बसलो की ती पडवीच्या दुसऱ्या टोकाला अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करत बसायची आणि तू चुकलास की मान खाली घालून हसायची. तुला वाटायचं तिचं लक्ष नसतं.

तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझा हात गेला. दादा घरी आलेले, त्यांना आवडते म्हणून मोरी, म्हणजे मुशी मासा, आणली होती. मोरीची कातडी किती चिवट असते ते कापणारीलाच ठाऊक. आडाळ्यावर, म्हणजे आमच्या मोठ्या विळीवर, जोर लावताना हात सटकला आणि उजव्या हाताची पहिली दोन बोटं सांध्यापाशी चिरली. मालवणच्या डॉक्टरांनी टाके घालून बोटं वाचवली, पण आतली शीर तुटली होती. जखम भरली, बोटं वाकायची मात्र थांबली. भाकरी थापता येईना ते शिकले, नारळ खवता येईना तोही डाव्या हाताने खवायला शिकले. सगळ्यांना वाटलं, चला, निभावलं. एका संध्याकाळी मी स्ट्रायकर घेऊन बसले. अंगठ्यामागे बोट अडकवायला गेले तर ते ताठच. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मग बोर्ड उचलला आणि भाताच्या कणगीमागे तोंड भिंतीकडे करून ठेवला.

दोन्ही हातांनी संसार करणारी बाई एका खेळासाठी रडते, हे कुणाला सांगायचं, सांग? सासूबाई म्हणाल्या असत्या, जीव वाचला ते बघ. आणि त्यांचं खरंच होतं. मी धुराचं निमित्त करून चुलीपुढे रडून घेतलं. दादा परत जहाजावर गेले. दुपारचा तो तास तसाच यायचा आणि मी तो निवडलेले तांदूळ परत निवडण्यात घालवायचे.

तू मला एका शब्दाने वाईट वाटलं म्हणाला नाहीस, ह्याबद्दल तुझे उपकार आहेत माझ्यावर. एका रविवारी तू कणगीमागून बोर्ड ओढून काढलास, पडवीत मांडलास आणि सुमनच्या फणेरपेटीतला आरसा घेऊन आलास. माझ्यासमोर बसून म्हणालास की इतकी वर्षं तुझा हात मधे येत होता, आता तुझा डावा हात कोरी पाटी आहे, त्याला काही येत नाही, आता माझं शास्त्र चालतं की नाही ते बघू. मी म्हटलं, माझं बोट गेलंय आणि तुला प्रयोग सुचतायत. तू म्हणालास, होय. मला इतका राग आला की मी डाव्या हातात स्ट्रायकर घेतला.

आरशाचं ते मी जन्मात विसरणार नाही. माझ्याच बाजूच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशी, माझ्या रेषेच्या मागे, तू एक सोंगटी ठेवलीस. अशी सोंगटी सरळ मारता येत नाही. स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत यावा लागतो. उजव्या हाताने मी ती कशी मारायचे ते मला माहीत नव्हतं, ती जायची एवढंच माहीत होतं. डाव्या हाताला काहीच माहीत नव्हतं. तू समोरच्या कडेला सुमनचा आरसा उभा टेकवलास. त्यात सगळा बोर्ड पुन्हा एकदा दिसायला लागला, कडेच्या पलीकडे, आणि त्यात ती सोंगटी.

"हय बघू नको," तू मागची सोंगटी दाखवत म्हणालास. "आरशातल्या सोंगटीक मार."

मी नेम धरला, तू आरसा पटकन उचललास, आणि मी मारलं. स्ट्रायकर कडेवर आपटून परत आला आणि सोंगटीच्या बोटभर बाजूने गेला. बोटभर, शांताराम! त्या हाताने मला धड वेणीसुद्धा घालता येत नव्हती. सासूबाईंनी आतून विचारलं, गेली काय. तू तोंड उघडायच्या आत मीच ओरडून सांगितलं की नाही, पण कारण गावला. तेव्हा सुमन पहिल्यांदा मोठ्याने हसली.

मग आपलं रोजचंच सुरू झालं. सकाळी शाळेला निघण्याआधी तू एक गोष्ट समजावून सांगायचास आणि सायकलवर बसायचास. दुपारी मी तीच एक गोष्ट मारत बसायचे. कधी पाच मारले की हात भरून यायचा, कधी उन्हं कलेपर्यंत वेळ कळायचा नाही. संध्याकाळी तू यायचास, बघायचास आणि म्हणायचास, बघ, समजलं म्हणून आलं. मी म्हणायचे, दुपारभर मारलं म्हणून आलं. तू म्हणायचास, न समजता मारलं असतंस तर चुकीचंच पक्कं झालं असतं. मी म्हणायचे, मग तुला तर सगळं समजलंय, तुझी का जात नाही? ह्यावर तू परत पहिल्यापासून सुरू करायचास. सुमन कुरकुरायची की आरशावर पावडर बसते, कुंकू लावताना तोंड भुतासारखं दिसतं. तू तिला नवा आरसा आणून देतो म्हणालास आणि विसरलास.

पुढच्या श्रावणात वाचनालयातले कॅरमचे सामने आले. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, समुद्र बंद, गावाला दुसरं काम नाही. अर्धं मालवण त्या सामन्यांना जमायचं. तू जोडीत नाव घातलंस, तुझं आणि माझं. चिटणीस म्हणाले, आजवर बाई कधी बसलेली नाही. तू त्यांच्याशी काय वाद घातलास कोण जाणे, तासाभराने ते पाणी मागत होते एवढं कळलं. घरी प्रश्न सासूबाईंचा होता. त्या म्हणाल्या, वर्षभर ही टकटक मी ऐकतेय, आता जरा गावालाही ऐकू दे. मी तयार झाले. घरात हरणं वेगळं. वाचनालयात हरले असते तर लोक म्हणाले असते की लुळ्या हाताची बाई बसवली कशाला, आणि बोर्ड परत कणगीमागे गेला असता. ह्या वेळी मी तो बाहेर काढू दिला नसता.

तरी आपण एकेक जोडी हरवत गेलो. माझा डावा हात बघायला लोक उभे राहायचे. शेवटचा सामना कासमभायांशी. मालवणच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, आणि कॅरममध्ये त्या बाजूला त्यांना हरवणारं कुणी नव्हतं. त्यांचा पुतण्या त्यांचा जोडीदार. नेमका त्या दिवशी वाचनालयाचा बोर्ड पावसाने फुगला, मधे टेंगूळ आलं. चिटणीस म्हणाले, तुमचा घरचा आणा. तू आपला बोर्ड सायकलच्या मागे आडवा बांधलास, वर इरलं घातलंस, आणि वाऱ्याने तुला सायकलसकट माडांत नेऊन घातलं. शीड आणि वारा ह्यांचं गणित तू मला चिखलातूनच समजावलंस. मग आपण दोघांनी दोन टोकं धरून, बोर्ड कोरडा आणि आपण चिंब, असं मालवण गाठलं.

खेळ सुरू होणार इतक्यात तू उभा राहिलास. मला वाटलं पाणी हवं असेल. तू कासमभायांना डागाची माहिती द्यायला लागलास! इथे तेल मुरलंय, इथे घर्षण जास्त आहे, स्ट्रायकरचा वेग अमुक इतका कमी होईल, तेव्हा सांभाळून. मी समोरून डोळे वटारत होते. कासमभायांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली, आभार मानले. आणि त्यांचा स्ट्रायकर डागावर पोचला की दमून थांबायला लागला. त्यांना माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. आपल्या भांडणात मी तेव्हाच तुझ्या तोंडावर जिंकले होते.

शेवटच्या डावात राणी मी घालवली. ती पक्की करायला आपली एक पांढरी लगेच जायला हवी होती, आणि आपली उरलेली एकच पांढरी माझ्याच कोपऱ्यात, भोकाच्या तोंडाशी, रेषेच्या मागे. कासमभायांची एकच काळी उरलेली, आणि ती अशी की त्यांनी डोळे मिटून घालवली असती. मी चुकले तर संपलं. जोडीदाराने बोलायचं नसतं, म्हणून तू समोर बसून तोंड घट्ट मिटून घेतलं होतंस. मी स्ट्रायकर रेषेवर ठेवला. मी समोरच्या कडेकडे बघितलं. जाण्याची वाट बरोबर डागावरून होती. मी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला, किती ते मला सांगता येणार नाही, आणि मारलं. स्ट्रायकर डागावरून घसपटत गेला, कडेवर आपटला, परत आला आणि सोंगटीला हळूच टेकला. ती पडली. तू उठून उभा राहिलास आणि तुझ्या गुडघ्याने बोर्ड उडाला, सोंगट्या गावभर. कासमभाय हसत हसत त्या गोळा करायला लागले. मला म्हणाले की तुझा उजवा हात धड असता तर मी आज दुकान उघडून बसलो असतो, इकडे आलोच नसतो. मी घरापासून लांब, इतक्या माणसांत, पहिल्यांदाच रडले, आणि कुठलाही धूर नव्हता.

परत येताना चिखलात आपण भांडतच आलो. तू म्हणत होतास आरसा, मी म्हणत होते डाग. तुझं म्हणणं, त्या कडेत मला सोंगटी दिसल्याशिवाय तो नेम लागणं शक्य नाही. माझं म्हणणं, डागावर किती जोर लावायचा हे कुठल्या आरशात दिसतं ते दाखव. "आरसो दिसलेलो काय नाय, खरा सांग," तू विचारलंस. मी म्हटलं, "दिसाक नाय." त्यानंतर दर श्रावणात तू तेच विचारायचास आणि मी तेच सांगायचे. दादा घरी असले तर तेही विचारायचे. मी का सांगावं? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुझ्याशी भांडायला काय उरलं असतं?

गेल्या महिन्यातल्या त्या गुरुवारी तू सायकल हातात धरून फाटकापाशी थांबलास. म्हणालास की आता अखेरचा पुरावा सापडलाय, आयतवारी दाखवतो, त्यानंतर वहिनी बोलायचीच बंद होईल. मी म्हटलं, बघू. शुक्रवारी तू वर्गात शिकवता शिकवता खुर्चीत बसलास. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. तुझी सायकल अजून शाळेतच आहे, आणायला कुणाचे पाय वळत नाहीत. तो पुरावा काय होता ते मी सुमनला विचारलं, तिलाही ठाऊक नाही. तू काहीतरी थापच मारली असशील असं मला कधी वाटतं, आणि कधी वाटतं की होतं खरंच काहीतरी, आणि मग मी रात्रीचा भात करपवते. शांताराम, तुझ्याशिवाय हे घर फार गप्प आहे. हे आडून आडून लिहायला मला जमत नाही.

दादांचं पत्र आलं, त्यांचं जहाज लांब आहे, ते गणपतीपर्यंत येतील. भेटायला येणारी माणसं कमी झाली. येणाऱ्या बायका सुमनला काय काय सांगून गेल्या, काय घालायचं, काय घालायचं नाही. तिची फणेरपेटी उघडायचं तिला आता काही कारण उरलं नाही, असं त्यांनीच ठरवून टाकलं. तिने पेटी उचलून वर फळीवर ठेवली. 

परवा दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते. तू गेल्यावर बोर्ड मी परत कणगीमागे ठेवला होता, तिथून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. सुमन बोर्ड घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर मांडला आणि बसली.

"वयनी, माका शिकवा," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, शिकवायचं काय, मारत राहा, हाताला कळतं. तिने मारलं, स्ट्रायकर उडून तुळशीपाशी गेला. मी आणून दिला. परत म्हटलं, मार. परत तेच. ती माझ्याकडे बघत बसली. आणि माझ्याजवळ तिला सांगायला काही नव्हतं रे. जन्मभर खेळले, हातात सगळं आहे, पण ते उचलून तिच्या हातात कसं ठेवू? मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, की स्ट्रायकर कडेवर ज्या कोनाने जातो त्याच कोनाने परत येतो. तुझे शब्द. तुझ्यासारखं बोटाने हवेत रेघ मारूनसुद्धा दाखवली मी. सुमनने ऐकलं, उठली आणि आत गेली.

ती फणेरपेटी घेऊन आली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा तिने ती उघडली. आरशाच्या चौकटीच्या खाचेत अजून पांढरी पावडर होती, ती तिने पुसली नाही. आरसा समोरच्या कडेला उभा केला. आधी तिचं स्वतःचं तोंड त्यात आलं असणार. ती थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग ती खाली वाकली, हनुवटी बोर्डाला टेकवली, एक डोळा मिटला. अगदी तुझ्यासारखा, मेल्या.

नजर न काढता तिने विचारलं, "वयनी, तुमका त्या दिवशी आरसो दिसलेलो काय? हे सारखे इचारीत."

मी म्हटलं, "दिसलेलो गो. लख्ख."

ती हसली की तिचा श्वास हलला, मला कळलं नाही. तिने आरसा बाजूला केला आणि टिचकी मारली. स्ट्रायकर डागावर अडखळला, कडेपर्यंत पोचला, अर्ध्या वाटेत परत येऊन थांबला. सोंगटी जागच्या जागी. आतून, इतक्या दिवसांनी, सासूबाईंचा आवाज आला.

"गेली काय?"

सुमनने डागावर बोट ठेवलं. मग मान वर करून, तुझ्याच आवाजात म्हणावं असं, तिने उत्तर दिलं, "नाय आये, पण कारण गावला."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मी सुमनकडे बघितलं नाही, तिने माझ्याकडे बघितलं नाही. आतूनच सासूबाई म्हणाल्या, "मगे परत मार."